निषेधाच्या पोस्टरांचं प्रदर्शन: घरच्यांना न्यावं का?

गिरणाकाठ

जळगावकर मंडळींना आधी विचारतोय, पण बाकीच्यांनीही लिहा.

गेल्या रविवारी इथल्या एका कॉलेजच्या हॉलमध्ये निषेधाच्या पोस्टरांचं प्रदर्शन होतं. मूळ कागद नव्हते, मोठ्या आकारात छापलेल्या प्रती होत्या, काचेच्या फ्रेममध्ये. पॅरिस १९६८, क्युबा, पोलंड, दक्षिण आफ्रिका, जर्मनीची कॅथे कोलवित्झ. एका भिंतीवर आपल्याकडचं थोडं: चित्रकार चित्तप्रसाद आणि नंदलाल बोस, आणीबाणीतली व्यंगचित्रं. प्रवेश फुकट. बायको म्हणाली सगळेच जाऊ. सगळे म्हणजे आई, आप्पा, आम्ही दोघं, चौथीतली मुलगी आणि एफवायचा भाचा.

आत गेलो आणि प्रत्येकाचं वेगळंच सुरू झालं. भाचा दिसेल त्या मुठीसमोर स्वतःची मूठ वळून सेल्फी काढत होता. आई प्रत्येक चित्रापाशी "हाई काय शे?" विचारायची आणि उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढे जायची. आप्पांची सगळी नोकरी मिलमध्ये लूमवर गेली. ते कोलवित्झच्या विणकरांच्या चित्रापुढे उभे राहिले ते हलेचनात. अंधारी खोली, मागे माग, अंथरुणात मूल आणि डोकं धरून बसलेली आई. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "पोस्टरला काच कशाला? काच लागली की पोस्टर संपलं."

बायको वैतागली, कारण चित्तप्रसादची १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चित्रं पोरीने जवळून बघितली आणि रात्री जेवताना त्यावरच बोलत होती. तिचा प्रश्न होता, "बाबा, यातलं कोण जिंकलं?" मी म्हटलं उद्या सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

तर प्रश्न दोन. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन असलं काही बघायला जावं का? आणि पोरीला काय सांगू?

भरीतपार्टी

पयला! जेवलात कुठे ते लिहायचं राहिलं.

सातपुडा_पायथा

माझं मत सरळ आहे, नेऊ नये. म्हाताऱ्यांना न्या, भाच्याला न्या. चौथीतल्या मुलीला भूकबळीची चित्रं दाखवून काय मिळवलंत? तिला ना १९४३ माहीत, ना बंगाल. तिच्या डोक्यात फक्त बरगड्या राहणार.

दुसरं म्हणजे राजकारण घरात आणलं की घर फुटतं. आमच्याकडे मागच्या निवडणुकीपासून दोन चुलतभाऊ एकमेकांच्या ओट्यावर चढत नाहीत. तेव्हा पोरांना आधी चित्र बघायला शिकवा, झाड, नदी, बैल. घोषणा आयुष्यभर ऐकायच्याच आहेत.

नंदनगरी

सातपुडादादा, मी नंदुरबारची. आमच्या गावात भर चौकात शिरीषकुमारचं स्मारक आहे. ९ सप्टेंबर १९४२ ला शाळकरी पोरांनी मिरवणूक काढली, पोलिसांनी गोळ्या घातल्या, शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेले. "नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमि भारतनुं" ही त्यांची घोषणा आम्ही बालवाडीपासून ऐकतो. गुजरातीत का, असा प्रश्नही पडत नाही, कारण आमच्याकडे घराघरात तीन भाषा असतात.

म्हणजे नंदुरबारच्या मुलाला निषेध चौथीत कळतो की नाही, हा प्रश्नच उरत नाही. शाळेत जाताना तो स्मारकावरूनच जातो.

सातपुडा_पायथा

ताई, आदर आहेच. पण तुम्ही माझीच बाजू मांडलीत. पोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. याचा अभिमान वाटायच्या आधी मला धडकी भरते. माझा नातू मिरवणुकीच्या पुढे झेंडा घेऊन उभा असावा असं मला वाटत नाही, मग कारण कितीही पवित्र असो.

नंदनगरी

धडकी मलाही भरते. पण म्हणून चौकातलं स्मारक झाकून ठेवायचं का?

शाईवाला

आप्पांच्या वाक्यावर लिहायचंय, थोडं लांबेल. मी धुळ्याचा. स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान वडिलांनी टाकलं, मी चालवलं, आता पोरगा फ्लेक्सच्या मशीनवर बसतो आणि मी त्याच्या एसीला शिव्या देतो.

गिरणाकाठभाऊंनी पाहिलेली पॅरिसची पोस्टरं बहुतेक एकरंगी असणार. लाल नाहीतर काळा, फार तर निळा. कारखान्याचं धुराडं आणि त्याचीच मूठ झालेली, असलं काहीतरी. लोक म्हणतात वा, काय साधेपणा! तो साधेपणा आमच्या धंद्यातून आलाय. लाकडी चौकट घ्यायची, तिच्यावर कापड ताणायचं, पूर्वी रेशमी आणि आता नायलॉनचं. अंधाऱ्या खोलीत इमल्शन फासून वाळवायचं. ट्रेसिंगवरचं काळं चित्र त्यावर ठेवून उजेड द्यायचा. उजेड लागतो तिथे थर कडक होतो, काळ्याखालचा पाण्याने धुऊन जातो. तेवढ्याच जागेतून शाई उतरते. कागद खाली, स्क्वीजी म्हणजे रबरी पट्टी ओढली की झालं पोस्टर. पण एका रंगाला एक फ्रेम. दोन रंग करायचे म्हणजे पहिला वाळेपर्यंत थांबा, मग रजिस्टर मिळवा, म्हणजे दुसरा रंग पहिल्यावर नेमका बसवा, कागद केसभर हलला तरी मुठीला सहावं बोट फुटतं. सकाळी भिंतीवर लावायचंय, बाहेर पोलीस फिरतोय, अशा रात्री दुसऱ्या रंगाच्या फंदात कोण पडेल?

पॅरिसात मे १९६८ मध्ये विद्यार्थ्यांनी आर्ट कॉलेज ताब्यात घेतलं, तेव्हा पहिलं पोस्टर लिथोवर काढलं होतं, जेमतेम ३० प्रती. लिथोला दगड लागतो, अवजड प्रेस लागते, माणूस मुरलेला लागतो. मग कुणीतरी स्क्रीन आणली आणि एका रात्रीत शेकड्यांनी कागद निघायला लागले. कुणी सही करायची नाही हा नियम. सगळ्यांनी बसून नमुना बघायचा आणि दोनच गोष्टी विचारायच्या: म्हणणं बरोबर आहे का, आणि ते चित्रातून पोचतंय का? आमच्या दुकानात गिऱ्हाईक तिसरंच विचारायचं: "साहेबांचा फोटो अजून मोठा होईल का?"

आता काचेचं. त्या पोरांनी तेव्हाच लिहून ठेवलंय की ही पोस्टरं शोभेसाठी वापरू नका, प्रतिष्ठित दालनांत टांगू नका, त्यांची जागा रस्त्यावर आणि कारखान्याच्या भिंतीवर आहे. आप्पांनी ते वाचलेलं नसणार. लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते आपोआप कळलं. त्यांना माझा नमस्कार सांगा.

मु_पो_चाळीसगाव

शाईवालाकाका, साष्टांग. वाचनखूण साठवली.

वाचाळवीर

पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो, पण कुणीच भांडेना, म्हणून मीच सुरू करतो.

ही कला आहे की प्रचार? मूठ उजव्यांचीही असते आणि डाव्यांचीही. रशियात क्रांतीनंतर सरकारी वृत्तसंस्थेनेच दुकानांच्या खिडक्यांतून पोस्टरं लावली, १९१९ ते २१. तीही अप्रतिम होती. मग तो निषेध म्हणायचा की सरकारी जाहिरात? नाझींची पोस्टरंही तांत्रिकदृष्ट्या उत्तम असायची. प्रदर्शनवाले आपल्याला आवडणारे निषेध तेवढे निवडतात आणि 'जगभरचा आवाज' म्हणून मांडतात. गिरणाकाठभाऊ, तिथे एक तरी पोस्टर असं होतं का, की जे बघून तुमच्याच राजकीय मताला चिमटा बसला?

गिरणाकाठ

वाचाळवीर, प्रश्न बोचरा आहे. होतं. क्युबाचं. ओस्पाल नावाची तिथली संस्था जगभरच्या लढ्यांची पोस्टरं काढायची, मासिकात घडी घालून पाठवायची, चार भाषांत मजकूर. दिसायला प्रदर्शनातली सगळ्यात देखणी तीच. भाचा म्हणाला, "मामा, हे सरकारने छापलंय ना? मग क्युबातल्याच माणसाला निषेध करायचा असला तर त्याने कुठे छापायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेल्फीवाला पोरगा म्हणून त्याला मी जरा हलक्यात घेत होतो.

शाईवाला

वाचाळवीरांना धंद्यातलं उत्तर देतो. कागदाचे पैसे कोण देतो ते बघा. मी सगळ्या पक्षांची पोस्टरं छापली. सत्तेतल्यांचं काम रोख असतं, विरोधातल्यांची उधारी. आणि सरकार पालटलं की उधारीची वहीसुद्धा पालटते. 😀

भरीतपार्टी

काका, हे वाक्य पोस्टरवर छापा.

थेम्स_ते_तापी

मी मूळची धुळ्याची, बरीच वर्षं लंडनला. २०१८ मध्ये सासू-सासरे आले होते, तेव्हा डिझाइन म्युझियममध्ये असंच प्रदर्शन लागलं होतं. नाव 'होप टू नोप', २००८ ते २०१८ या दहा वर्षांतलं राजकीय ग्राफिक. ओबामांचं ते लाल-निळं 'होप' पोस्टर, हाँगकाँगच्या छत्र्या, पॅरिस हल्ल्यानंतर आयफेल टॉवर घालून काढलेलं शांततेचं चिन्ह, ट्रम्प असलेली मासिकांची मुखपृष्ठं.

सासूबाईंना सगळ्यात आवडल्या त्या गुलाबी टोप्या, 'पुसीहॅट' म्हणतात त्या. जानेवारी २०१७ च्या महिला मोर्च्यात बायकांनी स्वतः विणून घातलेल्या. त्यांनी टाके बघितले, काठ बघितला आणि निकाल दिला: "सोपी आहे, एका दुपारचं काम." टोपीच्या नावामागचा अर्थ मी त्यांना सांगितला नाही. नवऱ्याकडे बघितलं तर तो छताकडे बघत होता.

पण खरी गंमत नंतर झाली. जुलैमध्ये त्याच म्युझियमने आपली जागा एका शस्त्रास्त्र कंपनीच्या कार्यक्रमाला भाड्याने दिली. ज्यांची चित्रं आत टांगलेली, त्यातले बरेच जण भडकले. युद्धविरोधी पोस्टरं भिंतीवर आणि शस्त्रवाल्यांची मेजवानी त्याच इमारतीत! त्यांनी जाहीर पत्र लिहून आपलं काम उतरवायला लावलं. जवळपास एक तृतीयांश प्रदर्शन भिंतीवरून खाली आलं. उरलेले दिवस म्युझियमने प्रवेश फुकट केला.

फुकट म्हटल्यावर सासरे पुन्हा निघालेच. 😀 रिकाम्या जागा, जिथे चित्रं होती तिथे नुसती भिंत. सासरे तिथेच जास्त रेंगाळले. घरी आल्यावर फोनवर धुळ्याला सांगत होते, "पहिल्यांदा गेलो तेव्हा चित्रं पाहिली. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा निषेध पाहिला."

तेव्हा आप्पांना सांगा, काचेतलं पोस्टरसुद्धा कधीकधी उठून चालायला लागतं.

जुना_कंपोझिटर

थेम्सताई, तुमच्या सासऱ्यांना जे रिकाम्या भिंतीत दिसलं ते आम्ही १९७५ मध्ये कागदावर बघितलं. मी तेव्हा प्रेसमध्ये अक्षरांचे खिळे जुळवत होतो. आणीबाणी २५ जूनच्या रात्री लागली, आणि २८ तारखेला इंडियन एक्स्प्रेसने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. जळगावला अंक उशिराने हाती आला. आम्ही कामगार त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत बसलो. खिळे जुळवणाऱ्याला कोरी जागा फार खटकते. कोरी जागा म्हणजे काहीतरी सांडलंय, नाहीतर मुद्दाम काढलंय.

त्याच डिसेंबरात अबू अब्राहम यांचं व्यंगचित्र आलं. राष्ट्रपती बाथटबमध्ये बसलेत आणि तिथूनच अध्यादेशावर सही करून कागद दाराबाहेर देतायत, वर म्हणतायत, आणखी असतील तर जरा थांबायला सांगा. सेन्सॉर असताना ते छापलं कसं गेलं याचं नवल मला आजही वाटतं. गिरणाकाठ, तुमच्या प्रदर्शनात हेच असणार.

आजच्या पोरांना वाटतं निषेध म्हणजे मोठा आवाज. आमच्या वेळी हळू बोललेलंही ऐकू जायचं, कारण बाकी सगळं गप्प होतं.

गिरणाकाठ

होय काका, तेच होतं. आईला फक्त तेच चित्र लगेच कळलं. खळखळून हसली. "आंघोळ तरी करू द्या बिचाऱ्याले!"

फैजपूरकर

इतका वेळ वाट बघतोय की कुणीतरी आमच्या फैजपूरचं नाव घेईल. नंदलाल बोस जळगावच्या प्रदर्शनात भिंतीवर होते म्हणता, आणि ते स्वतः आमच्या गावात राहून काम करून गेले याची आठवण कुणालाच नाही!

डिसेंबर १९३६, काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन, पहिल्यांदाच एका खेड्यात, अध्यक्ष नेहरू. सानेगुरुजींनी त्यासाठी गावोगाव पायपीट केली. मंडप, कमानी, सजावट गांधीजींनी नंदलालांवर सोपवली, अट एकच: स्थानिक सामान आणि कमी खर्च. बांबू, चटया, गवत, टोपल्या. शहरातून मखमल आणायची नाही. गांधीजींनी प्रदर्शनाच्या उद्घाटनाला त्या कामाचं भरभरून कौतुक केलं. माझ्या आजोबांचे मोठे भाऊ बांबू वाहायला होते, असं घरात सांगतात. खेड्यातलं सामान वापरून साम्राज्याच्या विरोधात सभा भरवायची, हाच केवढा मोठा निषेध! मूठ काढायची गरजच पडली नाही.

मु_पो_चाळीसगाव

फैजपूरकर, तिथूनच पुढे १९३८ ची हरिपुरा पोस्टरं आली ना? गुजरातेत, सुभाषबाबू अध्यक्ष असताना. सुतार, शिंपी, ढोल वाजवणारा, बैल, स्वयंपाक करणारी बाई. हातकागदावर, झपझप ओढलेल्या रेषा. शेकड्यांनी केली आणि अधिवेशनाच्या जागी उघड्यावर लावली, येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्याने बघावीत म्हणून. आता त्यातली कितीतरी दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत. म्हणजे काचेत. 😀

पण एक शंका. ढोल वाजवणाऱ्या माणसाच्या चित्राला निषेध म्हणायचं का? त्यात ना घोषणा, ना शत्रू. त्यापेक्षा नंदलालांचंच १९३० चं दांडीयात्रेचं लिनोकट, म्हणजे लिनोलियम कोरून काढलेला छाप घ्या, काळ्यावर पांढरा, काठी टेकत चाललेला म्हातारा. तो निषेध आहे यात कुणाला शंका येणार नाही.

वाचाळवीर

हा मुद्दा मला पटला. आणि माझं हे मत जपून ठेवा, असं रोज होत नाही.

फैजपूरकर

चाळीसगाववाले, ज्या मंडपात तोवर फक्त पुढाऱ्यांच्या तसबिरी लागायच्या तिथे शिंप्याचं चित्र लागलं. एवढं पुरेसं नाही?

मु_पो_चाळीसगाव

पुरेसं आहे की नाही यावर मला रात्रभर विचार करावा लागेल. आमच्याकडे छायाचित्रकार केकी मूस होते, ते तर घराबाहेरच पडायचे नाहीत. चाळीसगावकराला घाई नसते.

केळीबाग_रावेर

माझा कलेशी संबंध नाही, पण पोस्टराशी आहे. केळीला भाव नाही म्हणून आम्ही कलेक्टर कचेरीवर गेलो होतो. फलक रंगवायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर बरं. 'भाव द्या' लिहायचं होतं. जागा उरली म्हणून खाली केळीचा घड काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो त्या घडाचा. आमच्या नेत्याचा चेहरा घडामागे झाकला गेला होता, त्यावरून तो महिनाभर फुगून होता. भाव काही मिळाला नाही, पण तो फलक आजही खळ्यात आहे, बायको त्यावर पापड वाळवते.

भरीतपार्टी

@केळीबाग, हा फलक पुढच्या प्रदर्शनात पाहिजे. पापडांसकट.

संपादक मंडळ

धागा छान चालला आहे. सध्याच्या पक्षांची नावं घेऊन आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत. इतिहासावर कितीही लिहा, वर्तमानावर जपून.

वाचाळवीर

निषेधाच्या धाग्यावर प्रतिसाद उडवले. कोऱ्या जागा तरी ठेवायच्या होत्या, कंपोझिटरकाकांना बघायला मिळाल्या असत्या.

जुना_कंपोझिटर

😀😀

धडगावचा_मास्तर

उशिरा वाचतोय, आमच्याकडे रेंज डोंगरावर चढल्यावरच येते.

तुम्ही सगळे कागद आणि कापडावर बोलताय. अक्राणी-अक्कलकुव्यात नर्मदेच्या काठाला लढ्याचं चित्र फार वेळा कागदावर नव्हतंच. ते अंगावर, घोषणेत आणि गाण्यात होतं. मणिबेली हे सरदार सरोवर धरणात गेलेलं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. पाणी चढत असताना माणसं घरात कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. 'कोई नहीं हटेगा, बांध नहीं बनेगा'. त्या उभं राहण्याचे फोटो जगभर गेले. जागतिक बँकेने स्वतंत्र समिती नेमली, तिचा अहवाल १९९२ ला आला, १९९३ मध्ये बँकेचं कर्ज थांबलं. धरण मात्र झालं.

लढ्यातून जीवनशाळा निघाल्या, पोरं तिथे आपल्या भाषेत शिकली. माझ्या हाताखालून गेलेली काही पोरं आता स्वतः मास्तर आहेत. गिरणाकाठभाऊंच्या लेकीचा प्रश्न मी वर्गात घेतला तर पोरं काय म्हणतील? अर्धी म्हणतील हरलो, कारण गाव पाण्याखाली आहे. अर्धी म्हणतील, मग ही शाळा कुठून आली? दोघांनाही मी चूक म्हणू शकणार नाही.

आणखी एक. प्रदर्शनात आमच्या भागातलं काही नव्हतं असं वाटतं. नवल नाही. जो निषेध छापला गेला तोच टांगला जातो.

मन्ही_बोली

कसाले इतला वाद? पोरले लई जा, दखाडा, घर ईसन जेवा. उत्तर तिले तिनं सापडी.

हिशोब_तपासनीस

सर्वांचं वाचलं. मूळ प्रश्नाला हात घालतो, कारण तो बाजूलाच पडलाय. पोरीने विचारलं, कोण जिंकलं. माझा पेशा हिशोबाचा, तेव्हा प्रदर्शनातल्या नावांपुरता मांडून बघतो.

पॅरिस: मे १९६८ ला पोस्टरं, जूनमध्ये निवडणूक. राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या पक्षाला दणदणीत बहुमत. जूनच्या शेवटी पोलिसांनी ते आर्ट कॉलेजही रिकामं केलं. त्या वर्षापुरतं बघाल तर सपशेल हार.

पोलंड: ऑगस्ट १९८० चा गोदी कामगारांचा संप. त्यांच्या सॉलिडॅरिटी संघटनेचं ते लाल बोधचिन्ह, अक्षरं गर्दीतल्या माणसांसारखी एकमेकांना टेकून उभी. डिसेंबर १९८१ मध्ये लष्करी कायदा आला, संघटनेवर बंदी. तेव्हा हार. जून १९८९ च्या निवडणुकीत त्यांनी सत्ताधाऱ्यांना चारी मुंड्या चीत केलं. जीत. मधली वर्षं ज्यांनी तुरुंगात काढली त्यांच्या खात्यावर काय लिहायचं?

दक्षिण आफ्रिका: हद्दपार कलावंतांचा मेडू नावाचा गट शेजारच्या बोत्सवानातून वर्णद्वेषाविरुद्ध पोस्टरं काढायचा. ती चोरून आत जायची. १४ जून १९८५ ला दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने सीमा ओलांडून गॅबोरोनीवर छापा घातला, १२ माणसं मारली. त्यात चित्रकार थामी म्न्येलेही होते. १९९४ ला मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. देश जिंकला, चित्रकाराने ते बघितलं नाही.

चित्तप्रसाद: १९४३ मध्ये मिदनापूर भागात फिरून 'हंग्री बेंगॉल' हे चित्रांचं पुस्तक काढलं, इंग्रजांनी प्रती जप्त करून जाळल्या. एक प्रत टिकली, तिच्यावरून पुढे पुन्हा छापलं गेलं. ती जाळपोळ करणारं सरकार चार वर्षांत गेलं. पण दुष्काळात मेलेले मेलेच.

आणि कोलवित्झ. आप्पा जिच्यापुढे थांबले ती. १८९८ मध्ये विणकरांच्या त्या मालिकेला परीक्षकांनी पदक सुचवलं, जर्मन सम्राट कैसरने नाकारलं. १९१४ मध्ये धाकटा मुलगा पीटर आघाडीवर मारला गेला. १९२४ मध्ये तिने 'पुन्हा युद्ध नको' हे पोस्टर काढलं, हात वर केलेली तरुण आकृती. पंधरा वर्षांत दुसरं महायुद्ध सुरू झालं. १९४२ मध्ये नातू मारला गेला, त्याचंही नाव पीटर. ती स्वतः एप्रिल १९४५ मध्ये गेली, युद्ध संपायला थोडेच दिवस राहिले असताना.

या वहीची बेरीज मला जमत नाही. मी असतो तर पोरीला एकेकाची गोष्ट तारखांसकट सांगितली असती आणि प्रत्येकाचा निकाल तिलाच लावायला लावला असता. चौथीतल्या पोरांना तारखा आवडतात, आपल्याला वाटतं तितक्या त्या कंटाळत नाहीत.

सातपुडा_पायथा

हिशोबसाहेब, लिहिलंत छान. तरी माझं मत बदललेलं नाही. कोलवित्झच्या नातवाची गोष्ट चौथीत नको. पण दांडीयात्रेचं लिनोकट आणि फैजपूरचा बांबू यापासून सुरुवात करायला माझी ना नाही. सातवी-आठवीत पुढचं दाखवा. क्रम असतो प्रत्येक गोष्टीला.

नंदनगरी

हे मलाही मान्य. लिहून ठेवा, सातपुडादादांशी माझं जमलं.

गिरणाकाठ

सगळ्यांचे आभार. काल सांगितलं. पोलंडपासून सुरुवात केली, कारण त्याचा शेवट बरा आहे. मग पॅरिस. तिने विचारलं, "मग हरणार होते तर इतकी छापली कशाला?" आप्पा पेपर वाचत होते, पेपर खाली न करता म्हणाले, "छापताना माहीत नसतं." पुढे मिलच्या संपाचा विषय निघाला. तेव्हा दाराला लावलेल्या फलकावर काय लिहिलं होतं, चिकी कोणी शिजवली, वॉचमनने दिवा कसा मुद्दाम मालवला. मी इतकी वर्षं त्यांचा मुलगा आहे, हे कधी ऐकलं नव्हतं. कोलवित्झचा नातू मी गाळला. बायको म्हणाली, बरं केलंत. सातपुडादादा, तुमचा एक मुद्दा मानला समजा.

भाच्याला आता स्क्रीन प्रिंटिंग शिकायचंय. शाईवालाकाका, तुमच्या जुन्या फ्रेमा आहेत का अजून?

शाईवाला

आहेत माळ्यावर. चिकी शब्द ऐकून बरं वाटलं, मैद्याची खळ हल्ली कुणाला माहीत नाही. एखाद्या रविवारी या धुळ्याला, आप्पांनाही आणा. इमल्शनचं रसायन पोरीच्या हाती द्यायचं नाही, ते अंगाला वाईट. तिच्यासाठी कागद कापून स्टेन्सिल करू, शाई पाण्याची वापरू. भाच्याला फोटो इमल्शन शिकवतो, पण आधी फ्रेम धुवायला लावीन.

आणि छापून झाल्यावर कुणाच्या भिंतीवर चिकटवायचं नाही हां. १९९५ चा विद्रूपीकरणाचा कायदा आहे. माझ्या दुकानाचं शटर चालेल, ते तसंही गंजलंय.

केळीबाग_रावेर

काका, मी पण येऊ का? अक्षर बरं आहे माझं.

शाईवाला

या की. येताना जुनी वर्तमानपत्रं आणा भरपूर, पुसायला लागतात. आणि कपडे जुने घाला, शाई जात नाही.